हजेरीपटाबाहेरचा थकवा : मुंबईचा प्लेग, चेन्नईचा कोविड आणि बर्नआउटचे विज्ञान

१९ एप्रिल २०२० च्या रात्री चेन्नईत एका डॉक्टरांच्या पार्थिवाला जमीन मिळेना. डॉ. सायमन हर्क्युलिस हे शहरातील नामवंत मेंदूशल्यचिकित्सक. कोविडने त्यांचे निधन झाले. दफनभूमीतून संसर्ग पसरेल या भीतीने जमाव गोळा झाला, रुग्णवाहिकेवर दगड आणि काठ्यांचा मारा झाला आणि कुटुंबीयांना तेथून निघून जावे लागले. अखेर त्यांच्या एका सहकारी डॉक्टराने रुग्णालयातील दोन कर्मचाऱ्यांच्या मदतीने, हाती फावडे घेऊन, मध्यरात्री दफनविधी उरकला. दगड लागलेल्यांत रुग्णवाहिकेचे चालक आणि रुग्णालयाचे कर्मचारीही होते. दुसऱ्या दिवशी ही माणसे पुन्हा कामावर जाणार होती.

तीनच दिवसांनी, २२ एप्रिल रोजी, केंद्र सरकारने अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्यसेवकांवरील हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. साध्या हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापतीसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद झाली. ही दुरुस्ती आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. हा कायदा १२३ वर्षे अस्तित्वात होता. आदेश मोडणाऱ्या नागरिकाला शिक्षा आणि आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यांपासून संरक्षण, या दोन्ही गोष्टी त्यात पहिल्यापासून होत्या. साथीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेविषयी मात्र त्यात एक शब्दही नव्हता.

हा कायदा चेन्नईच्या नव्हे, मुंबईच्या प्लेगमधून जन्मला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. पालिकेने ऑक्टोबरमध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला, तेव्हा शहरभर धास्ती पसरली आणि पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना एका वेगळ्याच प्रश्नाने ग्रासले. मैला वाहून नेणारे, ‘हलालखोर’ म्हणून ओळखले जाणारे कामगार आणि रस्ते झाडणारे सफाई कामगार शहर सोडून गेले तर काय होईल? पालिकेने सक्तीचा हा आदेश लवकरच सौम्य केला. त्यामागे या कामगारांच्या पलायनाची भीती हे एक महत्त्वाचे कारण होते, असे स्नो यांच्या अहवालावरून दिसते. हे लोक गेले तर मुंबई राहण्यायोग्य उरणार नाही, हे आयुक्तांना पक्के ठाऊक होते.

साथीचा सगळा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा असतो ते लोक प्रशासनाला तेव्हा अगदी स्पष्ट दिसले होते. परंतु दिसले ते ‘पळून जाण्याचा धोका’ या रूपात. ते किती तास राबतात, काय पाहतात, घरी काय घेऊन जातात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा झाला. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. महाराष्ट्राने तो त्याग आदराने जपला आणि ते योग्यच आहे. मात्र त्यागाची गौरवगाथा सांगताना सेवेची परिस्थिती विचारायची राहून जाते. ही सवय तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली आहे.

चेन्नईकडे परत येण्यापूर्वी त्या शहराचे वेगळेपण लक्षात घ्यायला हवे. मद्रासची महानगरपालिका १६८८ सालची. गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटची स्थापना १८९९ ची. देवीच्या लसीचे उत्पादन हे तिचे आरंभीचे एक प्रमुख काम. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा हा भारतातील आपल्या प्रकारचा पहिला कायदा. सार्वजनिक आरोग्यासाठी स्वतंत्र संचालनालय आणि स्वतंत्र प्रशिक्षित अधिकारीवर्ग राखणारे राज्य म्हणून तमिळनाडूचे उदाहरण देशभर दिले जाते. म्हणूनच चेन्नईचा अनुभव बोलका आहे. जिथे यंत्रणाच नव्हती तिथे माणसे थकली, यात शिकण्यासारखे थोडे. जिथे शंभर वर्षांची यंत्रणा होती तिथेही माणसे का थकली, हा खरा प्रश्न.

‘थकली’ हा शब्द येथे अपुरा पडतो. मराठीत मेटाकुटीला येणे, हात टेकणे, मन उडणे असे शब्दप्रयोग आहेत. त्या तिन्हींना एकत्र आणले की बर्नआउटच्या शास्त्रीय व्याख्येच्या जवळ जाता येते. १९७४ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी एक लेख लिहिला. सर्वांत उत्साहाने काम करणारेच काही काळाने रिते होतात, चिडचिडे होतात, हे त्यांनी त्यात नोंदवले. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन घटक आहेत : भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला, तोही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना म्हणून. नीट हाताळला न गेलेला कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण हे तिचे कारण, असे त्या नोंदीत म्हटले आहे. म्हणजे कारण शोधायचे ते माणसाच्या स्वभावाआधी कामाच्या रचनेत.

ही रचना समजून घेण्यासाठी दोन जुनी प्रतिमाने आजही उपयोगी पडतात. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले की कामाचा भार एकटा तितका घातक नसतो. भार मोठा आणि निर्णयाचा अधिकार नगण्य, हे मिश्रण घातक असते. योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरी बाजू मांडली. श्रम आणि मोबदला यांतील तफावत माणसाला आतून झिजवते. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. या दोन कसोट्या हाती घेऊन चेन्नईची २०२० आणि २०२१ ही वर्षे पाहावीत.

मार्च २०२० मध्ये तमिळनाडूतील पहिला रुग्ण सापडला. एप्रिलच्या अखेरीस कोयंबेडू या प्रचंड घाऊक भाजीबाजारातून संसर्ग पसरल्याचे उघड झाले आणि ५ मे रोजी बाजार बंद करण्यात आला. तोवर हमाल, गाडीचालक, किरकोळ विक्रेते अशी हजारो माणसे शहरभर आणि शेजारच्या जिल्ह्यांत पांगली होती. रोखीचा व्यवहार, नोंद नाही, पत्ता अर्धवट. त्यांचा माग काढायचा होता तो आरोग्य निरीक्षकांनी, नागरी आरोग्य परिचारिकांनी आणि घरोघर सर्वेक्षणासाठी पालिकेने नेमलेल्या हजारो तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनी.

या कामाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. एका व्यक्तीने दिवसाला शंभर घरांची चौकशी करायची असे धरू. एका घराला जिना चढणे, विचारणे आणि नोंद करणे मिळून पाच मिनिटे. एवढ्यातच आठ तास वीस मिनिटे संपतात. पाणी पिणे, दार न उघडणाऱ्याची मनधरणी, संध्याकाळी माहिती भरणे यांना उरलेला वेळ शून्य. त्यात मे महिना. तमिळ पंचांगातील ‘अग्नी नक्षत्रम्’ याच काळात येते आणि चेन्नईचा पारा चाळीस अंशांपलीकडे जाऊ शकतो. शरीर थंड राहते ते मुख्यत्वे घामाच्या बाष्पीभवनाने. समुद्राकाठच्या दमट हवेत ते आधीच मंदावते आणि हवाबंद संरक्षक पोशाखात जवळजवळ थांबते. घाम गळतो, पण शरीर थंड होत नाही. रुग्णालयांत तो पोशाख घालून काम करणाऱ्यांना पाळी संपेपर्यंत पाणी पिता येत नसे.

संपर्क शोधण्याच्या कामात आणखी एक सापळा दडलेला असतो. तो रांगेच्या गणितातून समजतो. एखादे पथक दिवसाला सरासरी १० रुग्णांच्या संपर्कयाद्या पूर्ण करू शकते असे समजू. रोज सरासरी ८ नवे रुग्ण येत असतील, तर रांगेच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार एक यादी हातावेगळी व्हायला सरासरी अर्धा दिवस लागतो. रुग्ण ८ वरून साडेनऊ झाले, म्हणजे भार १९ टक्क्यांनी वाढला, तर हाच वेळ दोन दिवसांवर जातो, म्हणजे चौपट होतो. रुग्णसंख्या दहाला पोचली की रांग अमर्याद वाढत जाते. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला वाटते, काम तर थोडेच वाढले आहे. खाली काम करणाऱ्याला मात्र सगळे हाताबाहेर गेल्याचे जाणवते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. शिवाय दोन दिवस उशिरा सापडलेला संपर्क तोवर इतरांना भेटून आलेला असतो. आपण राबतो आहोत, पण त्याचा उपयोग होत नाही, ही भावना येथे जन्म घेते. मास्लाक यांच्या प्रश्नावलीतील तिसरा घटक तो हाच.

कारासेक यांची कसोटी येथे तंतोतंत लागू पडते. भार प्रचंड आणि अधिकार नाममात्र. घरे किती करायची, कोणती गल्ली बंद करायची, पथकात आणखी माणसे हवीत की नकोत, यांपैकी काहीही दारोदार फिरणाऱ्याच्या हाती नव्हते. लोकांचा राग मात्र त्याच्याच वाट्याला येत होता, कारण दारात उभा असलेला चेहरा त्याचा होता.

हा केवळ तर्क नव्हे, याला मोजमापांचा आधार आहे. टोरांटो शहराने २००३ मध्ये सार्सची साथ पाहिली. कॅनडात तिने ४४ बळी घेतले. साथ संपल्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी तेथील संशोधकांनी सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोच्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची तुलना असे रुग्ण न आलेल्या हॅमिल्टन शहरातील कर्मचाऱ्यांशी केली. टोरांटोत ३०.४ टक्के कर्मचाऱ्यांत तीव्र बर्नआउट आढळला, हॅमिल्टनमध्ये १९.२ टक्क्यांत. साथ ओसरून वर्ष-दोन वर्षे उलटली तरी तिचा भार उतरला नव्हता. ज्यांना आपले प्रशिक्षण, संरक्षणाची साधने आणि संस्थेचा पाठिंबा पुरेसा वाटला होता, त्यांच्यात हे परिणाम कमी दिसले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविड येण्यापूर्वी जगाच्या हाती चौदा वर्षे होती.

भारतातील पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी एक महाराष्ट्रातून आली. २०२० मध्ये नाशिक येथील डॉक्टरांच्या पुढाकाराने देशभरातील २,०२६ आरोग्यसेवकांना प्रश्नावली पाठवून माहिती गोळा करण्यात आली. ५२.८ टक्के लोकांत साथीशी निगडित बर्नआउट आढळला. वैयक्तिक आणि कामाशी निगडित बर्नआउट २१ ते ३० या वयोगटात अधिक होता, स्त्रियांमध्येही अधिक होता. सर्वांत लक्षवेधी निष्कर्ष साहाय्यक कर्मचाऱ्यांविषयीचा होता. त्यांच्यात साथीशी निगडित बर्नआउटचे प्रमाण जवळजवळ पाचपट असल्याचे दिसले. कौतुकाचा सगळा झोत डॉक्टरांवर असताना सर्वाधिक झीज त्या झोताबाहेर होत होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी ९६७ आरोग्यसेवकांचा केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर रुग्णवाहिकाचालक आणि प्रयोगशाळेतील कर्मचारीही होते. ५२.९ टक्के लोकांत पुढील तपासणी आवश्यक ठरावी इतका मानसिक ताण आढळला. तिन्ही घटकांवर बर्नआउटची लक्षणे दाखवणारे ९.७ टक्के होते. दिवसाला आठ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत मानसिक ताणाची संभाव्यता सुमारे २.४ पट होती. संपर्क शोधण्याचे काम करणाऱ्यांतही ती दुपटीच्या आसपास होती. अतिदक्षता विभागात न जाता, गल्लीबोळांतून वही घेऊन फिरणाऱ्या माणसाचा ताण येथे आकड्यांत उमटला. अर्थात, अशा एकवेळच्या पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आधीच खचलेल्या माणसाला तेच काम अधिक जड वाटले असेल, ही शक्यता उरतेच. परंतु टोरांटो, नाशिक आणि ही पाहणी एकमेकींशेजारी ठेवल्या, तर धोक्याचे घटक पुन्हा पुन्हा तेच येतात : कामाचे तास, तरुण वय, अपुरे प्रशिक्षण, अपुरी साधने, उतरंडीतील खालची जागा आणि पाठीशी कोणी नसल्याची भावना.

आता सिग्रिस्ट यांची दुसरी कसोटी. साथीच्या काळात तमिळनाडूने हजारो परिचारिकांना ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर घेतले आणि मुदत वेळोवेळी वाढवली. मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चेन्नईच्या राजीव गांधी शासकीय रुग्णालयाबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या, तेव्हा सरकारी रुग्णालयांतील खाटांपाशी उभ्या असलेल्यांत याही परिचारिका होत्या. ३१ डिसेंबर २०२२ रोजी त्यांपैकी दोन हजारांहून अधिक जणींची सेवा संपुष्टात आली. आणीबाणीतील या नेमणुका नियमित भरतीच्या नियमांनुसार झालेल्या नव्हत्या, ही सरकारची बाजू. इतर योजनांत कंत्राटी जागा देऊ करण्यात आल्या. परिचारिकांनी निदर्शने केली. त्यांचा प्रश्न साधा होता : साथीत ज्यांच्यावाचून चालले नाही, त्यांची गरज साथीनंतर कशी संपली?

शहर झाडणाऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. साथीच्या काळातच चेन्नईतील अनेक विभागांची सफाई खासगी कंपन्यांकडे गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये शेकडो कंत्राटी सफाई कामगारांना कामावरून कमी करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी दोन विभागांच्या खासगीकरणाविरुद्ध सफाई कामगार पालिकेच्या मुख्यालयासमोर, रिपन बिल्डिंगपाशी, तेरा दिवस बसून होते. मध्यरात्री पोलिसांनी त्यांना तेथून हटवले. १८९६ मध्ये मुंबईच्या आयुक्तांना हे कामगार निघून जातील याची भीती वाटत होती. चेन्नईत ते राहू द्या म्हणत होते.

महाराष्ट्राला यात बोट दाखवण्याचा अधिकार नाही. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा सेविकांना संपावर जावे लागले. आठवडाभराने त्यांना दरमहा एक हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा सेविकांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्यांच्या मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले जाते. सिग्रिस्ट यांच्या तराजूत मान आणि धन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

शेवटी मोजमापाविषयीची एक अडचण. साथरोगशास्त्रात ‘निरोगी कामगार परिणाम’ ही संकल्पना प्रसिद्ध आहे. कामावर असलेल्यांचीच तपासणी केली, तर आजारी पडून काम सोडलेले लोक मोजणीत येत नाहीत आणि कारखाना आहे त्यापेक्षा निरोगी दिसतो. बर्नआउटच्या पाहण्यांवर हीच सावली असते. प्रश्नावली पोचते ती सेवेत असलेल्यांपर्यंत, स्मार्टफोन आणि फुरसत असलेल्यांपर्यंत. जी परिचारिका ३१ डिसेंबरला घरी गेली, ज्या सफाई कामगाराचे नाव ठेकेदार बदलताना यादीतून गळाले, ज्या सर्वेक्षकाचे काम रुग्णसंख्या उतरताच संपले, त्यांचा थकवा कोणत्या तक्त्यात येणार? टोरांटोतील संशोधकांना दोन वर्षांनंतरही आपली माणसे सापडली, कारण ती अजून हजेरीपटावर होती.

दुरुस्त झालेल्या साथरोग कायद्यात दगडाच्या जखमेसाठी कलम आहे. कामाच्या तासांसाठी, विश्रांतीसाठी, कंत्राटाच्या मुदतीसाठी त्यात कलम नाही. पुढच्या साथीची पूर्वतयारी म्हणून चाचण्या, लसी आणि प्राणवायूचे साठे मोजले जातात आणि ते मोजलेच पाहिजेत. त्याच वहीत आणखी एक रकाना आखायला फारसा खर्च येणार नाही : गेल्या साथीत दारोदार कोण गेले, त्यांची नावे काय आणि ते आज कुठे आहेत.